उद्यमबागला इंजिनिअरिंग : होस्टेल, पीजी की खोली?

चंदगडकर (प्रश्न)
नमस्कार मंडळी. धाकट्या बहिणीला बेळगावात उद्यमबागच्या इंजिनिअरिंग कॉलेजात प्रवेश मिळालाय. गाव शिनोळीच्या पुढे, चंदगड तालुक्यात, त्यामुळे रोजची ये-जा जमणार नाही. कॉलेजच्या होस्टेलची यादी अजून लागायची आहे. तोवर भाग्यनगर, अनगोळ, टिळकवाडी भागात पीजी किंवा दोघी-तिघींत खोली बघतोय. बघायला गेल्यावर नेमकं काय तपासायचं? जेवणासकट महिना ८ हजारांत बसवायचं आहे.

खानापूर रोड
होस्टेल मिळालं तर पहिलं वर्ष तिथेच काढू दे. फक्त फी १० महिन्यांची की १२ महिन्यांची, हे आधी विचारा. मेसचे पैसे सलग किती दिवस गैरहजर राहिल्यावर वजा होतात तेही विचारा. दर शनिवारी गावाकडे जाणाऱ्या मुलीला ती सूट बहुतेक मिळतच नाही.

खोली बघायची तर पाऊस चालू असतानाच बघा, दादा. बेळगावच्या पावसात ओल लपत नाही. नव्या रंगावर जाऊ नका, कपाट भिंतीपासून वीतभर ओढून मागे बघा. काळे ठिपके म्हणजे बुरशी. फरशीपासून दोन-तीन फुटांपर्यंत रंगाचे पापुद्रे सुटलेत आणि हाताला पांढरी पूड लागतेय, तर ओल जमिनीतून चढतेय. तिच्यावर कितीही रंग मारला तरी पुढच्या पावसात ती परत वर येते, अशी खोली सोडा. छताच्या कोपऱ्यात डाग असेल तर गच्ची गळतेय. ती दुरुस्त होते, पण डिपॉझिट द्यायच्या आधी करून घ्या. पश्चिमेकडची भिंत आधी तपासा, पावसाचा मारा तिकडूनच येतो.

'गरम पाण्याला सोलर आहे' एवढ्यावर खूश होऊ नका. जुलै-ऑगस्टमध्ये आठ-आठ दिवस ऊन नसतं, मग सोलरचं पाणी कोमटही होत नाही. गीझर आहे का आणि तो किती मुलींत आहे, ते बघा. पावसात कपडे कुठे वाळवायचे हेही विचारा. खोलीतच दोरी बांधली तर चांगल्या भिंतीलाही बुरशी धरते.

पाण्याचा हिशेब असा : माणशी रोज १०० लिटर धरा. १२ मुली आणि गच्चीवर १,००० लिटरची एकच टाकी, म्हणजे दिवसातून दोनदा मोटर लावावी लागणार. करंट गेला की मोटर बंद, ऐन सकाळी नळ कोरडे. म्हणून पीजी दुपारी बघू नका, सकाळी ७ ते ८ मध्ये जा आणि बाथरूमचा नळ सोडून बघा. प्यायला नळाचं पाणी की बोअरचं, हेही विचारून घ्या.

अनगोळची ताई
भाऊ, एक गोष्ट हिशेबात धरा. कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत ११ जून २०२३ पासून महिलांना साध्या सरकारी बसने फुकट जाता येतं, पण त्यासाठी कर्नाटकातल्या पत्त्याचं ओळखपत्र लागतं. बहिणीचं आधार महाराष्ट्राच्या पत्त्याचं असेल तर तिला तिकीट पडणार. लांबची स्वस्त खोली आणि जवळची महाग खोली यांची तुलना करताना जायचं-यायचं तिकीट महिन्याला २५ दिवस धरून भाड्यात मिळवा. शिवाय प्रॅक्टिकल संपायला उशीर होतो. संध्याकाळी ७ वाजता कॉलेज ते खोली हा रस्ता स्वतः एकदा चालून बघा. कुठे दिवे नाहीत, कुठे कंपन्यांच्या नुसत्या कंपाउंड भिंती आहेत, ते दिवसा कळत नाही.

चंदगडकर
ताई, हे लक्षातच आलं नव्हतं. आणखी दोन शंका. एक मालक 'लीजवर घ्या' म्हणतोय. एक पीजीवाला भाड्यावर जीएसटी वेगळा सांगतोय. हे बरोबर आहे का?

शहापूर पेठ
कर्नाटकात लीज म्हणजे एकरकमी मोठी रक्कम मालकाकडे ठेवायची, महिन्याचं भाडं नाही आणि सोडताना मूळ रक्कम परत. मालकाने ती रक्कम खर्च केली असेल तर नवा भाडेकरू येईपर्यंत तुमचे पैसे अडकतात. शिकणाऱ्या मुलीसाठी नकोच.

जीएसटीचं म्हणाल तर १५ जुलै २०२४ पासून माणशी महिना २०,००० रुपयांपर्यंतच्या भाड्याला, सलग किमान ९० दिवस राहणार असाल तर, माफी आहे. तसं सरळ सांगा.

खोली घेतलीत तर करार ११ महिन्यांचा होतो, कारण वर्षावरच्या कराराची नोंदणी करावी लागते. कागद कन्नडमध्ये असेल तर वाचता येणाऱ्या माणसाला शेजारी बसवून ओळ न ओळ वाचून घ्या. डिपॉझिटमधून रंगकामाचे पैसे कापणार का, नोटीस किती दिवसांची, मध्येच होस्टेल मिळालं तर किती परत, हे तिन्ही आकड्यांत लिहून घ्या. तुमच्या बाबतीत तिसरं कलम सगळ्यात महत्त्वाचं आहे.

लाईट बिलही मागून बघा. हेस्कॉमच्या (इथली वीज कंपनी) बिलावर आरआर नंबर, म्हणजे त्या जोडणीचा ग्राहक क्रमांक असतो. त्या मीटरची गृहज्योतीत (कर्नाटक सरकारची घरगुती मोफत वीज योजना, मर्यादा महिना २०० युनिट) नोंद झाली असेल तर बिल शून्यही येत असेल, तरी काही जण मुलींकडून युनिटमागे पैसे घेतात. चार खोल्यांना मिळून एकच मीटर असेल तर वापर २०० युनिटच्या वर जातो आणि मग अख्खं बिल भरावं लागतं. खोलीला सबमीटर असेल तर राहायला जायच्या दिवशीच रीडिंगचा फोटो काढून मालकाला पाठवून ठेवा.