युद्धबंदी, कमांड, डागणे : युद्धाच्या बातम्यांतले अडखळणारे शब्द

सिडकोकर
युक्रेन, गाझा, इराण, नियंत्रण रेषा, विषय कोणताही असो, मराठीतला वाद बऱ्याचदा शब्दापाशीच अडतो. तीन गोष्टींवर जाणकारांनी लिहावे. युद्धबंदी, युद्धविराम आणि शस्त्रसंधी हे एकच का? ‘चीफ ऑफ डिफेन्स स्टाफ’ला (सीडीएस) सरसेनापती म्हणावे का, आणि ‘कमांड’ला मराठीत काय म्हणायचे? तिसरे, ‘ड्रोन डागले’ हे बरोबर आहे का?

पंचवटीकर
पहिल्या प्रश्नात खरा घोटाळा ‘बंदी’चा आहे. एक बंदी फारसी वळणाची, स्त्रीलिंगी : दारूबंदी, नाकाबंदी, नोटबंदी. दुसरा बंदी संस्कृत, पुल्लिंगी, म्हणजे कैदी. मराठीत ‘ती युद्धबंदी’ म्हणजे लढाई थांबणे. हिंदीत ‘युद्धबंदी’ म्हणजे लढाईत पकडलेला सैनिक. हिंदी मजकूर यंत्राकडून मराठीत आणला की हा शब्द तसाच उतरतो आणि वाक्याचा अर्थ फिरतो.

ओळखायची खूण सामान्यरूपात आहे. स्त्रीलिंगी असेल तर ‘युद्धबंदीचा भंग’. कैदी असेल तर अनेकवचनात ‘बंद्यांची’. नाशिकरोड कारागृहातल्या गणेशमूर्तींच्या बातमीत ‘बंद्यांनी घडवलेल्या मूर्ती’ असे छापतात, ‘बंदींनी’ नव्हे. म्हणून ‘युद्धबंदींची अदलाबदल’ दोन्हीकडून चुकते. मराठीत सरळ ‘युद्धकैदी’ लिहावे. शंकेला जागाच राहत नाही.

देवळालीकर
पंचवटीकरांशी सहमत, आणि थांबण्याच्या पायऱ्याही वेगळ्या ठेवायला हव्यात. मी असे लावतो : युद्धविराम म्हणजे गोळीबार थांबवणे, मग ते तोंडी ठरलेले असो वा लेखी, ठरावीक तासांचे असो वा बेमुदत. शस्त्रसंधी म्हणजे दोन्ही बाजूंच्या सैन्यांनी अटींसह सही केलेला करार. तह म्हणजे राज्याराज्यांतले युद्ध कायद्याने संपवणारा करार.

कोरियात 27 जुलै 1953 रोजी शस्त्रसंधी झाली. तह आजतागायत नाही. पहिल्या महायुद्धात 11 नोव्हेंबर 1918 ची शस्त्रसंधी मुळात 36 दिवसांची होती, ती पुन:पुन्हा वाढवावी लागली. तह व्हर्सायला झाला तो 28 जून 1919 रोजी. ‘1918 ला तह झाला’ म्हणणारा माणूस मधले साडेसात महिने गाळतो, आणि त्या काळात जर्मनीची नाकेबंदी चालू होती हेही त्याच्या नजरेतून सुटते. पुरंदर, सालबाई यांना आपण तह म्हणतो ते नेमके आहे.

हा नुसता शब्दांचा काथ्याकूट नाही. 1949 च्या तिसऱ्या जिनिव्हा कराराच्या 118 व्या कलमानुसार प्रत्यक्ष लढाई संपताच युद्धकैद्यांना विनाविलंब सोडायचे असते, तहाची वाट पाहायची नसते. ढाक्याला 16 डिसेंबर 1971 रोजी पाकिस्तानी सैन्याची शरणागती झाली, तरी कैद्यांच्या परतीचा दिल्ली करार 28 ऑगस्ट 1973 ला झाला. वाद होतो तो याच अंतरावर. आणि त्या वेळचे कैदी म्हणून नेहमी सांगितले जाणारे 93,000 सगळे सैनिक नव्हते, त्या आकड्यात नागरी माणसेही धरलेली आहेत.

सिडकोकर
मग नियंत्रण रेषेवर ‘शस्त्रसंधीचे उल्लंघन’ लिहितात ते?

देवळालीकर
रूढ झाले आहे, पण जड आहे. नोव्हेंबर 2003 ची समजूत असो की 25 फेब्रुवारी 2021 चे दोन्ही बाजूंच्या लष्करी कारवाई महासंचालकांचे संयुक्त निवेदन, त्यात सहीशिक्क्याचा नवा करार नव्हता. 10 मे 2025 ला तर पाकिस्तानच्या महासंचालकांचा फोन दुपारी 3.35 ला आला आणि सायंकाळी 5 पासून जमीन, हवा, समुद्र तिन्हीकडे गोळीबार व कारवाई थांबवायचे ठरले. याला ‘युद्धविराम’ पुरेसा आहे. ‘शस्त्रसंधी’ म्हटले की वाचक विचारतो, अटी कुठल्या, सह्या कोणाच्या? आणि नसलेल्या कागदावरून भांडण सुरू होते.

भगूरकर
आता कमांड. एका इंग्रजी शब्दाखाली मराठीतले तीन अर्थ दडपले जातात : हुकूम, हुकमत आणि मुख्यालय. ‘कमांड दिली’ म्हणजे हुकूम दिला. ‘तुकडी त्याच्या कमांडखाली’ म्हणजे तिच्यावर हुकमत त्याची. ‘सदर्न कमांड’ म्हणजे पुण्याचे दक्षिण मुख्यालय. हुकमत हा सुरेख शब्द आपल्याकडे असताना आपण तो फक्त ‘भाषेवर हुकमत’ एवढ्यापुरता ठेवला आहे, याचे वाईट वाटते.

देवळालीकर
हुकूम आणि हुकमत यांतला फरक तोफेवर स्पष्ट दिसतो. तोफखान्याच्या नेहमीच्या रेजिमेंटमध्ये 18 तोफा, सहा-सहाच्या तीन बॅटऱ्या. पुढे टेहळणीच्या ठाण्यावर (ओपी) बसलेला अधिकारी लक्ष्य पाहून मारा मागतो, गोळा पडला की ‘ॲड 200’ (इतके मीटर पुढे), ‘ड्रॉप 100’ (इतके मागे) अशी दुरुस्ती सांगतो. मागे कमांड पोस्टमध्ये त्याचे बेअरिंग (दिशा), एलिव्हेशन (नळीचा चढ), चार्ज (दारूचे प्रमाण) आणि फ्यूज (गोळा कधी फुटावा) निघतात. तोफेपाशी हुकूम देतो तो ‘नंबर वन’, बहुधा हवालदार. तोफेच्या तुकडीवर हुकमत त्याची. दिसते एकाला, हिशेब दुसरा करतो, बार तिसऱ्याच्या हुकमाने होतो. बातमीत ‘कमांडरने गोळीबार केला’ लिहिले की यातला नेमका कोण, हे कळायला मार्ग राहत नाही.

आता सीडीएस. पदाच्या नावात ‘कमांड’ नाहीच, ‘स्टाफ’ आहे. स्टाफ म्हणजे सल्ला देणारे, आखणी करणारे. सेनापती म्हणजे ज्याची सैन्यावर हुकमत आहे आणि जो निकालाला जबाबदार आहे तो. जनरल बिपिन रावत 1 जानेवारी 2020 ला पहिले सीडीएस झाले, तेव्हा तिन्ही दलप्रमुखांवर लष्करी हुकमत चालवायचा अधिकार या पदाला नाही हे स्पष्ट केलेले होते. म्हणून ‘संरक्षण दलप्रमुख’ चालेल, ‘सरसेनापती’ नको. करिअप्पांनी 15 जानेवारी 1949 ला हाती घेतलेले पद मात्र खरेच सरसेनापतीचे होते. ते नाव 1955 मध्ये गेले आणि ‘लष्करप्रमुख’ आले. घटनेच्या 53 व्या कलमाने संरक्षण दलांचे सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींकडे आहे.

पंचवटीकर
अमेरिकेबाबतही हीच गफलत होते. जॉइंट चीफ्सच्या, म्हणजे तिथल्या दलप्रमुखांच्या मंडळाच्या, अध्यक्षांना ‘अमेरिकेचे लष्करप्रमुख’ म्हणतात आणि मग ‘त्यांनी हल्ल्याचा हुकूम दिला’ असे विधान येते. 1986 च्या गोल्डवॉटर-निकोल्स कायद्यानुसार हुकूम राष्ट्राध्यक्षांकडून संरक्षणमंत्र्यांकडे आणि तिथून थेट त्या-त्या कमांडच्या प्रमुखाकडे जातो. पश्चिम आशियासाठी ती सेंटकॉम (सेंट्रल कमांड). जॉइंट चीफ्सचे अध्यक्ष सल्लागार आहेत, हुकमाच्या साखळीत नाहीत. शिवाय तिथल्या भूदलाचा प्रमुख वेगळाच असतो.

सिडकोकर
आणि थिएटर कमांड?

भगूरकर
‘रणक्षेत्र मुख्यालय’. एका प्रदेशातली तिन्ही दले एका हुकमतीखाली आणायची, ही त्यामागची कल्पना. शब्द नवा नाही. ढाक्याच्या शरणागतीपत्रावर जगजितसिंग अरोरांचे पद पूर्व ‘थिएटर’मधल्या भारतीय व बांगलादेशी सैन्यांचे सेनापती असेच लिहिलेले आहे.

देवळालीकर
मला ‘थिएटर कमांड’ देवनागरीत तसेच ठेवलेले बरे वाटते. ‘रणक्षेत्र’ म्हटले की लढाई चालू असलेली जागा डोळ्यांपुढे येते. थिएटर शांततेतही असते. तिथली रसद, विमानतळ, रेल्वे सगळे त्यात धरतात.

भगूरकर
मुद्दा मान्य. तरी पहिल्या उल्लेखाला मराठी अर्थ द्यावा.

पंचवटीकर
‘डागणे’ म्हणजे मुळात तापलेली वस्तू टेकवणे. तोफेच्या कानात रंजक (पेट घेणारी बारीक दारू) भरून बत्ती टेकवत, म्हणून तोफ डागली. आज एम-777 तोफेला लांब दोरी खेचून प्रायमर (दारू पेटवणारी टोपी) पेटवतात, तरी शब्द टिकला आणि तो टिकावा.

देवळालीकर
तोफ आणि क्षेपणास्त्र डागावे. ड्रोन आणि टॉर्पेडो सोडावा, सुरुंग पेरावा, बॉम्ब टाकावा. ‘विमानाने बॉम्ब टाकला’ म्हटले की वाचक विमान लक्ष्याच्या वर किंवा जवळ होते असे समजतो. ‘विमानातून क्षेपणास्त्र डागले’ म्हटले तर विमान आपल्याच हद्दीत, शेकडो किलोमीटर मागेही असू शकते. सीमा ओलांडली की नाही हा वाद कित्येकदा या एका क्रियापदावर उभा असतो. मूळ निवेदनात काय लिहिले आहे ते पाहून मगच क्रियापद निवडावे, आणि तिथे मोघम असेल तर ‘हल्ला केला’ एवढेच लिहावे.