कॅलिफोर्नियातल्या आपल्या मराठी मंडळाचा ग्रुप. विषय: पार्किंगमधला परफ्यूम

मिल्पिटासच्या काकू:

सर्व भगिनींनी वाचावे. नणंदेने पाठवलंय. मॉलच्या पार्किंगमध्ये दोघं जण गाठतात, "परफ्यूम स्वस्तात देतो, वास तरी घेऊन बघा" म्हणतात. वास घेतला की बाई बेशुद्ध, आणि शुद्धीवर येईस्तोवर पर्स गायब. बाटलीत ईथर असतं म्हणे! दिवाळीची खरेदी चालू आहे, एकटीने जाऊ नका. निदान दहा जणींना कळवा.

क्युपर्टिनोचे डॉक्टरकाका:

काकू, रागावू नका, पण हा निरोप 1999 पासून फिरतोय. सुरुवात अलाबामातल्या एका गावातल्या तक्रारीवरून झाली. गावाचं नाव मोबाइल, आता बोला! तेव्हा ईमेलने यायचा, आता व्हॉट्सॲपवर येतो.

माझी सगळी नोकरी लोकांना भूल देण्यात गेली, म्हणून राहवत नाही. ईथरची भूल बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात 16 ऑक्टोबर 1846 ला पहिल्यांदा जाहीरपणे दाखवली. आम्ही शिकत होतो तेव्हाचे आमचे सर ईथरच्या गोष्टी सांगायचे. तोंडावर जाळीचा मास्क, त्यावर गॉज, त्यावर थेंब थेंब ईथर. पेशंट खोकणार, हातपाय झाडणार, दोघांनी धरून ठेवायचं आणि कितीतरी मिनिटांनी तो झोपणार. वास तर असा की घरी गेल्यावर बायको दारातूनच आंघोळीला पाठवायची. बाटली हुंगली आणि बाई कोसळली, हे फक्त सिनेमात.

मागच्या काचेवर कागद चिकटवतात आणि तो काढायला उतरलं की गाडी पळवतात, तोही निरोप याच जातीचा. तो कोणी पाठवायच्या तयारीत असेल तर थांबा.

सनीव्हेलहून एक सभासद:

काका, तुमचं पटलं. पण पार्किंगमध्ये काही घडतच नाही असं कोणी समजू नये म्हणून लिहिते. दोन आठवडे लिहू की नको चाललं होतं. सासूबाईंना विचारूनच लिहितेय.

आम्ही देशी ग्रोसरीला गेलो होतो. सामान डिकीत टाकलं आणि मी कार्ट ठेवायला गेले. पन्नास पावलंही नसतील. आई, म्हणजे सासूबाई, पुढच्या सीटवर, काच खाली, कारण त्यांना एसी सोसत नाही. शेजारी एक गाडी येऊन लागली, मागच्या सीटवर लहान मूल. बाई उतरली. अर्धं इंग्रजी, अर्ध्या खुणा: आई वारली, तिच्या नावाने दान करतेय, तुम्ही अगदी तिच्यासारख्या दिसता. आईंच्या हाताची पापी घेतली, बोटात अंगठी सरकवली, गळ्यात जाडजूड साखळी घातली आणि खिडकीतून मिठीच मारली. आई "नो, नो" करत होत्या. पण ती रडत होती, म्हणून त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

मी आले तेव्हा आई साखळी दाखवून म्हणाल्या, "बघ, वेडी काय देऊन गेली." मला आधी दिसला तो त्यांचा मोकळा गळा. मिठीत तिने मानेमागचा फासा काढला होता. चार तोळ्यांचं मंगळसूत्र आणि डाव्या हातातली एक पाटली गेली. दुसरी पाटली घट्ट बसते, म्हणून राहिली.

आई कोथरूडच्या. तिकडे तोतया पोलीस वयस्कर बायकांना अडवतात, "पुढे चोरी झालीय, दागिने काढून रुमालात बांधून ठेवा" म्हणतात आणि रुमालात खडे बांधून देतात, हे त्यांना पाठ आहे. मोटरसायकलवरचे दोन बाप्ये दिसले असते तर त्यांनी काच वर केली असती. लेकुरवाळ्या बाईसाठी कोण काच वर करतं? आणि त्यांना मंगळसूत्रापेक्षा जास्त लागलंय ते हे, की "मी तिला आशीर्वाद दिला गं."

ती साखळी पितळेची निघाली.

पोलीस चांगले वागले. ही युक्ती त्यांना ठाऊक होती, आपल्याच लोकांना गाठतात म्हणाले. पण त्यांनी फोटो, वजन, पावती मागितली. आमच्याकडे होता 1978 च्या लग्नातला एक ब्लॅक अँड व्हाइट फोटो! विम्याचं तर विचारूच नका. घराच्या पॉलिसीत चोरीच्या दागिन्यांना एकूण 1,500 डॉलरची मर्यादा. 2025 च्या ऑक्टोबरात सोनं औंसाला 4,000 डॉलरच्या वर गेलं, म्हणजे जेमतेम एक तोळा झाला. जास्त हवं तर दागिने वजन-किमतीसह पॉलिसीत वेगळे नोंदवावे लागतात, हे मला चोरीनंतर कळलं. आज रात्री दागिने ओट्यावर मांडून फोटो काढा.

फ्रीमाँटची ताई:

वाचून पोटात गोळा आला. पण आता सगळे म्हणणार, दागिने घालूच नका. मी मंगळसूत्र काढणार नाही.

सनीव्हेलहून तीच सभासद:

ताई, मीही काढलेलं नाही. ओढणी किंवा जॅकेटची चेन वरपर्यंत, एवढंच. आई-बाबा गाडीत असतील तर काचा वर आणि लॉक. एसी नको तर त्यांना दुकानात बरोबर न्या. कोणी पत्ता विचारायला आलं तर काचेआडून बोला, आणि अंगाला हात लावला की सरळ हॉर्न दाबा. आईंना मी हॉर्न कुठे असतो ते दाखवलं. त्यांनी लगेच दोनदा वाजवून बघितला, शेजारचे बाहेर आले.

सेक्रेटरी:

काकूंच्या परफ्यूममुळे एवढं तरी निघालं. शनिवारच्या दिवाळी कार्यक्रमाबद्दल सांगतो. शाळेचं पार्किंग मोठं आहे, मागची बाजू अंधारी. गेल्या वर्षी तिथे तीन गाड्यांच्या काचा फुटल्या. मागच्या दाराची छोटी तिकोनी काच फोडतात, तिथून हात घालून सीट पाडतात आणि डिकीत डोकावतात. म्हणजे डिकी ही तिजोरी नव्हे. लॅपटॉप घरी ठेवा. तेही जमत नसेल तर निघतानाच डिकीत टाका, हॉलसमोर गाडी लावल्यावर सगळ्यांदेखत नको.

पूर्वी कॅलिफोर्नियात चोरावर गाडी फोडल्याचा गुन्हा शाबीत करायला गाडी लॉक होती हे सिद्ध करावं लागायचं, काच फुटलेली असूनसुद्धा. 2024 मध्ये कायदा करून ती पळवाट बुजवली. तरी तक्रार आपल्यालाच नोंदवावी लागते. गेल्या वर्षी तिघांपैकी एकानेच नोंदवली.

कार्यक्रम संपल्यावर टॉर्चवाले स्वयंसेवक गाडीपर्यंत सोडतील. चार मिळालेत, आणखी चार हवेत. पार्किंगमध्ये गप्पा मारत उभं राहणं हा आपला राष्ट्रीय खेळ आहे, तो शनिवारी हॉलच्या आत खेळावा.

सनीव्हेलहून:

आई विचारतायत, टॉर्च त्यांनी धरला तर चालेल का.

सेक्रेटरी:

पळेल. सात जण झाले, कारण डॉक्टरकाका आणि ताईही आलेत.

मिल्पिटासच्या काकू:

आठवी मी. पण तो परफ्यूमचा निरोप मी कालच नागपूरला दोन्ही बहिणींना पाठवला, त्यांनी भिशीच्या ग्रुपवर टाकला. आता तो परत कसा घ्यायचा?