इंग्रजी उदार आणि मराठी सोवळी? काहीही हं!

चावडीवरचा
काल एका गटात एकाने पोस्ट टाकली: "इंग्रजी जगभर पसरली कारण ती मोठ्या मनाची. दिसेल तिथला शब्द आपलासा केला. मराठी सोवळं नेसून बसली, म्हणून मागे पडली." खाली टाळ्यांचा पाऊस. तिथे चार ओळींत मावेना, म्हणून इथे लिहितोय.

मोठं मन कसलं डोंबलाचं! १०६६ला हेस्टिंग्जच्या लढाईत इंग्लंडचा राजा हॅरल्ड पडला आणि फ्रान्सकडच्या नॉर्मंडीचा विल्यम गादीवर बसला. पुढे तीनेकशे वर्षं दरबार आणि कोर्टकचेरी फ्रेंच नाहीतर लॅटिनमध्ये. इंग्रजी उरली ती नांगरामागे आणि चुलीपाशी. जज, प्रिझन, टॅक्स, रेंट, सर्व्हंट हे सगळे फ्रेंचमधून आलेले. यादी नुसती वाचली तरी काठी कुणाच्या हातात होती ते कळतं. गोठ्यात असेतो 'काऊ', साहेबाच्या ताटात आली की 'बीफ'!

१३६२ला कायदा झाला की लोकांना फ्रेंच कळत नाही, तेव्हा कोर्टातलं बोलणं इंग्रजीत चालावं. तो कायदा लिहिला कशात? फ्रेंचमध्ये. आपल्याकडच्या राजभाषेच्या परिपत्रकांची आठवण झाली ना?

आणि मराठी सोवळी? दुकान, कागद, जमीन, वकील हे काय ज्ञानेश्वरांनी दिले? फारसी इतकी शिरली होती की शिवाजी महाराजांना फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश करवून घ्यावा लागला. दोघींनी शब्द घेतले ते मार खाल्ल्यावर. उदारपणा वगैरे नंतरची सारवासारव.

पाटीपेन्सिल
काऊ-बीफचा किस्सा ऐकायला झकास, पण अर्धाच खरा. जिवंत गुरांनाही 'बीफ' म्हणत, 'बीव्ज' हे त्याचं अनेकवचन कित्येक शतकं चाललं.

आणि नॉर्मनांच्या आधी डेन्मार्क-नॉर्वेकडून आलेले व्हायकिंग कुठे गेले? एग, नाइफ, विंडो, हजबंड त्यांचे. 'दे' आणि 'देम'सुद्धा. अहो, सर्वनाम कुणी उसनं घेतं का? ते लुटायला आले खरे, पण यॉर्ककडे शेती करून राहिले, सोयरिकी झाल्या. यात काठी कुठे दिसते?

पहिला इंग्रज छापखानेवाला कॅक्स्टन, त्याने १४९०मध्ये लिहिलेला प्रसंग बघा. हॉलंडकडच्या झीलंडला निघालेले व्यापारी वाऱ्याअभावी थेम्सवर अडकले. एकाने किनाऱ्यावरच्या बाईकडे 'एग्ज' मागितली. बाई म्हणाली, मला फ्रेंच येत नाही. हा भडकला, कारण त्यालाही फ्रेंच येत नव्हतं! दुसरा म्हणाला, 'ऐरन' द्या. तेव्हा कुठे बाईंना कळलं की अंडी हवीत. 'ऐरन' हा जुना इंग्रजी शब्द, 'एग' व्हायकिंगांचा; दोन्ही शेजारी शेजारी चालत होते.

चावडीवरचा
बीव्ज मान्य, काऊ-बीफ मागे घेतो. पण १०१६ला डेन्मार्कचा कनूट इंग्लंडच्या गादीवर बसला तो काय शेजारधर्म म्हणून?

खुलं_दार
ती पोस्ट मीच शेअर केली होती, म्हणून बोलतो. शब्द कसेही आले असोत, त्यांनी नंतर हाकलले नाहीत. आपण हाकलले. चांगली 'तारीख' होती, तिचा 'दिनांक' केला.

पाटीपेन्सिल
हाकलायला बघितलं की. सोळाव्या शतकात इंग्रज पंडित जॉन चीक म्हणत होता, आपली भाषा भेसळ न करता लिहा. एकोणिसाव्या शतकात डॉर्सेटच्या विल्यम बार्न्सने 'ग्रामर'ला 'स्पीचक्राफ्ट' सुचवला. त्यांचे सावरकरच म्हणा. फरक इतकाच की स्पीचक्राफ्ट कुणी घेतला नाही आणि सावरकरांनी दिलेला 'महापौर' झकास चाललाय.

छडी_लागे_छमछम
मला एकच विचारायचंय. 'नाइट'मधला सरदारवाला 'के' मी खाल्ला म्हणून पाचवीत हातावर वळ उठले होते. तो के का आहे? चाळीस वर्षं झाली, कुणी सांगितलं नाही.

पाटीपेन्सिल
कारण पूर्वी तो उच्चारत. 'क्निख्त'च्या जवळपास. छपाई आली, स्पेलिंगं गोठत गेली, आणि त्याच काळात स्वर सरकत होते. आधी काऊ म्हणजे 'कू', माउस म्हणजे 'मूस' (आपला मूषक!) आणि नेम म्हणजे जवळजवळ 'नाम'. उच्चार पुढे गेले, स्पेलिंग फलाटावरच. 'डेट'मधला, कर्जातला, बी मात्र कधीच उच्चारला गेला नव्हता. लॅटिन येतं हे दाखवायला पंडितांनी घुसडला.

छडी_लागे_छमछम
म्हणजे मी बरोबर होतो आणि छडी पंडितांना हवी होती. धन्यवाद. मास्तर हयात नाहीत, नाहीतर दाखवलं असतं.

आजोळचा
ते सगळं ठीक, पण ज्या भाषेत बॉसलाही यू आणि कुत्र्यालाही यू, तिचं कौतुक मला सांगू नका. सगळ्यांना अरे-तुरे!

पाटीपेन्सिल
साफ उलटं! 'यू' म्हणजे तुम्ही. 'तू'साठी 'दाऊ' होता, तो मेला. इंग्रज कुत्र्यालाही अहो-जाहो करतात. १६०३ला वॉल्टर रॅले या बड्या दरबाऱ्यावर राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हा सरकारी वकील एडवर्ड कोक भर कोर्टात गरजला: तुला मी 'दाऊ'च म्हणणार, देशद्रोह्या! क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे लोक सगळ्यांनाच दाऊ म्हणत, त्यापायी त्यांनी मारही खाल्ला.

आजोळचा
पण प्रार्थनेत देवाला दाऊ म्हणतात. म्हणजे मानाचाच ना?

फराळ_प्रेमी
विठ्ठलाला आपण काय म्हणतो, अहो विठोबा?

आणि मान-मान काय लावलंय? लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत मी नवऱ्याला "ए, ताट घे" म्हटलं. चुलतसासूबाईंच्या हातातली करंजी हवेतच राहिली. आम्ही कॉलेजात एका बाकावर बसायचो! वर्षभर चारचौघांत 'अहो' म्हणत होते. तो मला 'अगं'च.

आजोळचा
एका शब्दाने काय झिजलं तुमचं? आमच्या आईने जन्मभर अहोच म्हटलं.

फराळ_प्रेमी
आणि तुम्ही त्या आईला काय म्हणता? अगं. वडिलांना? अहो. द्या आता मानाचा हिशेब.

आजोळचा
आईचं वेगळं असतं. उगाच घरात शिरू नका.

खुलं_दार
बरं बाबा, इंग्रजी उदार नाही, नुसती पडेल ते सोसणारी. खूश? पण कुत्र्याला अहो म्हणणारी भाषा जगभर गेली आणि आपण करंजीवर अडलोय, याची नोंद घ्यावी.

चावडीवरचा
मी १०६६वर धागा काढला होता. अहोवाल्यांनो, वेगळा काढा. फराळे, तूच काढ.

फराळ_प्रेमी
अरे-तुरे कुणाला करतोस रे?

चावडीवरचा
एडवर्ड कोकची सवय लागली. माफ करा, अहो.