स्वयंपाक शिकणाऱ्याच्या हातात पहिलं पुस्तक कोणतं द्यावं?

भाचा नोकरीसाठी बंगळुरूला चाललाय. चहा आणि मॅगी येते, पुढे सगळा आनंद. त्याला पाककृतींचं एक पुस्तक द्यायचं आहे. तुम्ही शिकत होतात तेव्हा हाताशी कोणतं होतं, त्यातलं काय कामी आलं, काय नाही, ते लिहा. 'यूट्यूब असताना पुस्तक कशाला' असं मत असेल तर तेही चालेल, फक्त कारण द्या.

सांगलीहून
आमच्याकडे 'रुचिरा'. कमलाबाई ओगल्यांचं हे पुस्तक 1970 साली आलं आणि वाटी-चमच्याच्या मापांमुळे घरोघरी गेलं. आजही देईन, पण नवख्याला नुसतं ते देऊन भागणार नाही. एकूणच जुन्या पुस्तकांचा वाचक घरात चार वर्षं तरी लुडबुड केलेला असायचा. 'फोडणी करून भाजी परतावी' म्हटलं की त्याला कळायचं. तुमच्या भाच्याला तेल तापलं कधी हेच माहीत नसणार. म्हणून दुकानात पुस्तक उघडलंत की आधी फोडणी बघा. मोहरी तडतडू द्या, मग जिरं, हिंग, आणि हळद शेवटी कारण ती चटकन जळते, एवढं कुठेतरी सविस्तर लिहिलेलं असेल तर घ्या. नसेल तर फोटो कितीही छान असोत, ठेवून द्या.

ठाण्याहून
बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा, म्हणजे निवृत्तीनंतर, ओट्यापाशी उभा राहिलो. पेशा हिशेबाचा, त्यामुळे वाटीचा फार राग यायचा. आमच्याच घरात चार आकारांच्या वाट्या! नंतर लक्षात आलं की तांदूळ आणि पाणी एकाच वाटीने मोजलं तर वाटी केवढीही असो, भात होतो. (जुन्या तांदळाला पाणी थोडं जास्त लागतं, हे बऱ्याच पुस्तकांत नसतं.) घोळ होतो तो डाळ वाटीने आणि मीठ-तिखट चमच्याने सांगतात तेव्हा. वाटी मोठी निघाली की आमटी अळणी. मला ते पुस्तक पटलं ज्यात पहिल्याच पानावर 'आमची वाटी इतक्या मिलिलिटरची' असं छापलं होतं. मेजरिंगचे चमचे स्वस्त मिळतात, लहान 5 मिलिलिटरचा, मोठा 15 चा. पुस्तकाबरोबर तेही द्या.

नागपूरहून
कुणी बोलत नाही म्हणून मीच बोलतो. मराठी पुस्तक म्हटलं की आमटीत गूळ आणि गोडा मसाला. आमच्या घरी दोन्ही नाही. मी हॉस्टेल सोडल्यावर पुस्तक बघून केलेलं वरण वाईट नव्हतं, पण ते आमचं नव्हतं. एकटं राहणाऱ्याला पहिल्या महिन्यात घरची चव हवी असते. भाचा काय खाऊन वाढलाय ते बघा. खानदेशातला असेल तर भरीत-शेवभाजी असलेलं, किनाऱ्यावरचा असेल तर मासळी असलेलं पुस्तक घ्या.

मडगावहून
वरच्याला अनुमोदन. आमच्याकडे सारस्वत महिला समाजाचं 'रसचंद्रिका'. त्यात घरगुती औषधं आणि सणवारही आहेत, त्यामुळे आईने ते स्वयंपाकघरात कमी आणि देवघराजवळ जास्त ठेवलं. मला फार प्रिय. पण दुसरं पुस्तक म्हणून. नारळ किती बारीक वाटायचा हे आधी एकदा कुणीतरी दाखवावं लागतं.

श्टुटगार्टहून
एक मुद्दा राहिला, शेगडी. आपली पुस्तकं गॅससाठी लिहिलेली असतात. इथे माझ्याकडे जुनी इलेक्ट्रिक हॉटप्लेट आहे, ती बंद केली तरी बराच वेळ तापलेली राहते. 'आच मंद करा' लिहिलं असेल तिथे मी पातेलंच उचलून बाजूला ठेवते. इंडक्शनवर पुन्हा वेगळं. म्हणून मिनिटांपेक्षा खूण सांगणारं पुस्तक उपयोगी: कांदा कडेने तांबूस झाला, रव्याचा वास सुटला, मसाल्याला तेल सुटलं. '5 मिनिटं परता' हे कुणाच्या शेगडीवर?

नाशिकहून
पुस्तक नको. कांद्याचा तांबूस रंग काळ्या अक्षरांत कसा दिसणार? व्हिडिओत दिसतो. हात कणकेचे असताना स्क्रीनला बोट लावता येत नाही, एवढीच अडचण.

डोंबिवलीहून
मी क्लास घेते, म्हणून जरा लांबण लावते. नवशिक्याला जाड पुस्तक देऊ नका. निम्मी पानं अनारसे, चिरोटे, पंचपक्वान्नांची, ती वर्षानुवर्षं कोरी राहतात. त्याला हवं खिचडी, वरण-भात, दोन पालेभाज्या, मटकीची उसळ, कोशिंबीर, अंड्याचे दोन-तीन प्रकार. माप किती माणसांचं हे बघा. सहा जणांची रस्साभाजी एकट्यासाठी करायला तिखट-मीठ नुसतं सहाने भागून चालत नाही, चव घ्यावी लागते, आणि तीच त्याला अजून येत नसते. आदल्या दिवशीची तयारी कृतीच्या वर लिहिलेली हवी. मटकी भिजवून, बांधून, मोड यायला दीड दिवस जातो. हे चौथ्या ओळीत वाचलं तर त्या रात्री बाहेरून मागवावं लागतं. आणि बांधणी अशी बघा की पुस्तक ओट्यावर उघडं राहील. फळीवर डब्याचं वजन ठेवून वाचणारे मी पाहिलेत.

विचारणारी पुन्हा
सगळ्यांचे आभार. पातळसं पुस्तक, मापाचे चमचे आणि आईच्या हातची कृतींची चार पानं, असं ठरतंय. तिकडे इंडक्शन आहे हे आत्ताच कळलं. पोळीबद्दल मात्र कुणीच लिहिलं नाही. पुस्तक वाचून पोळी जमलेलं कुणी आहे का इथे?

सांगलीहून
नाही. पोळ्या विकत आणायला सांगा.