शब्दचर्चा: ‘मॅच्युअर साउंड’ आणि ‘कमबॅक’

प्रश्न:
टेक दॅट या मँचेस्टरच्या बॉयबँडवर (तरुण मुलांच्या पॉप गायकगटावर) लेख लिहिते आहे. १९९६च्या फेब्रुवारीत त्यांनी गट मोडला आणि नोव्हेंबर २००६ मध्ये ‘ब्यूटिफुल वर्ल्ड’ हा अल्बम घेऊन चौघे परत आले. मी ‘परिपक्व ध्वनीचा पुनरागमन अल्बम’ असं लिहिलंय. अर्थ कळतो, पण कानाला मराठी लागत नाही. काय लिहावं?

प्रतिसाद:
ताई, आधी ‘ध्वनी’ काढा. ध्वनी म्हटलं की ध्वनिक्षेपक नाहीतर ध्वनिप्रदूषण आठवतं. गाणं एकूण कसं वाजतं, त्याची लय, वाद्यमेळ, गाण्याची ढब, या सगळ्याला मिळून आपल्याकडे ‘बाज’ आहे. लावणीचा बाज, ठुमरीचा बाज सहज म्हणतो, मग पॉपला का नको?

प्रतिसाद:
बाज अगदी चपखल. खरी अडचण ‘परिपक्व’ची आहे. हा शब्द ‘पच्’ धातूतला, आणि फारसीतून आलेला ‘पोक्त’सुद्धा मूळचा शिजलेला, पिकलेलाच. मराठीत मात्र दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. विचार परिपक्व होतो, निर्णय परिपक्व असतो. पोक्त असतं ते माणूस, आणि बहुतेकदा वयाआधीच: ‘वयाच्या मानाने पोरगी पोक्त आहे हो!’ पोक्त गाणं म्हटलं तर ते उपदेश करील अशी धास्ती वाटते.

‘प्रगल्भ’ संस्कृतात धीट. मुग्धा, मध्या, प्रगल्भा या काव्यशास्त्रातल्या नायिकाभेदात तो अर्थ अजून दिसतो. मराठीत तो बुद्धीला चिकटला. ‘मुरलेला’ गवयाला शोभतो, पण मुरायला एकाच बरणीत राहावं लागतं आणि हे चौघे तर इतकी वर्षं एकत्र नव्हतेच.

मी ‘प्रौढ’ घेईन. प्रौढ साक्षरता वर्गांनी शब्द रुक्ष केला हे खरं, पण तो वय सांगतो, शेरा मारत नाही. ‘परिपक्व’ म्हटलं की आधीचं सगळं कच्चं ठरतं, आणि त्यांच्या नव्वदच्या दशकातल्या गाण्यांवर तो अन्याय आहे. २००६ मध्ये हे चौघे ३४ ते ३८ वर्षांचे होते. याच अल्बमातलं ‘पेशन्स’ ऐका. संथ चाल, प्रेम गेलंय, ते अजून दुखतंय, थोडा धीर धर, अशी विनवणी. इथे वयच ऐकू येतं.

प्रश्नकर्ती:
‘प्रौढ बाज’ पटलं. पण आणखी एक गोष्ट सांगायची आहे. पूर्वी बहुतेक गाणी गॅरी बार्लो लिहायचा आणि गायचाही. या अल्बमात लेखनाचं श्रेय चौघांनी वाटून घेतलं. ‘शाइन’ मार्क ओवेन गातो, ‘वुडन बोट’ जेसन ऑरेंज. हे ‘प्रौढ’मध्ये बसत नाही.

प्रतिसाद:
त्याला ‘समंजस’ म्हणा! बाज प्रौढ, वाटणी समंजस. चार माणसांत राहताना जो शहाणपणा लागतो तो याच शब्दात आहे. एकट्याने केलेल्या कामाला आपण समंजस म्हणत नाही.

‘पुनरागमन’ ठेवाच. उत्तरपूजेत ‘पुनरागमनाय च’ म्हणणाऱ्या घरात तो परका नाही, आणि क्रिकेटच्या बातम्यांनी तो पार रुळवला आहे. मात्र ‘पुनरागमन अल्बम’ असे दोन शब्द नुसते शेजारी ठेवू नका, ‘पुनरागमनाचा अल्बम’ करा, षष्ठी हवी. आणि ‘पुनर्मीलन’ इथे वापरू नका. गटातला पाचवा, रॉबी विल्यम्स, १९९५ मध्येच बाहेर पडला होता आणि २००६च्या अल्बमात तो नाही. पाचही जण ‘प्रोग्रेस’ या अल्बमसाठी एकत्र आले ते २०१० मध्ये. पुनर्मीलन ते.