नाईस म्हणजे बह्याड?

पऱ्हाटीवाला:
पोयाच्या दिवशी आमच्या जोडीचा फोटो टाकला होता, शिंगाले बेगड, नवी वेसन, झूल, सगळं. खाली पोट्ट्यायची निरी लाईन, नाईस, नाईस, नाईस. मंग म्या सहज त्या शब्दाचं मूळ काढलं त लॅटिनातला नेस्कियस निंगाला. 'ने' म्हणजे नाही, 'स्कीरे' म्हणजे जाणणं, ज्याले काही समजत नाही थो. जुन्या फ्रेंचातून इंग्रजीत आला तेव्हा, १३०० च्या आसपास, नाईस म्हणजे चक्क येडा! म्हणजे माह्या बैलायले सारे बह्याड म्हणून गेले. आपलं मत सरळ हाय, मूळ माहीत नसंन त शब्द वापरू नोका.

शाळेतली बाई:
भाऊ, मूळ बरोबर सांगितलं पण मधलं सगळं खाऊन टाकलं तुम्ही. येडा, मग नखरेल, मग चोखंदळ, मग बारीक, काटेकोर, आणि छान हा अर्थ अठराव्या शतकात आला. बारीकवाला अर्थ तर अजून जिवंत आहे, 'नाईस डिस्टिंक्शन' म्हणजे चटकन न दिसणारा फरक. आणि मुळावरच जायचं तर संस्कृतात शिक्षा म्हणजे शिकवण, मग कोणाला कोर्टात शिक्षा झाली की पेढे वाटायचे का?

पऱ्हाटीवाला:
शिक्षेचं नाही जमत बाई. आमच्या टायमाले शिकवण अन् शिक्षा एकाच छडीनं होत होती, अर्थ बदललाच कुठी?

धुऱ्यावरचा:
😂 सिली पाहा नं मंग. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ सुखी, धन्य. जर्मनीत झेलिग म्हणजे आजही धन्य. इंग्रजीत थो धन्याचा भोया झाला, भोयाचा बिचारा, अन् आता येडपट. येडा होता थो छान झाला अन् धन्य होता थो येडा, ग्रामपंचायतीच्या इलेक्शनसारखंच हाय हे. मी बाईच्या बाजूनं. आज लोकं जे समजतात थोच अर्थ, मुळाले काय चाटाचं?

पऱ्हाटीवाला:
बरं, बदलते अर्थ, मानलं. पण मले सांगा, हे नाईसवाले कोणता अर्थ धरून बोलून राहिले? छान म्हणाले पाहा लागते नं आधी. डाव्या बैलाचं शिंग अर्ध मोडलं हाय, बेगड तिथंच संपते, फोटोत साफ दिसते. एकानंही इचारलं नाही.

धुऱ्यावरचा:
अरे हो की. आत्ता झूम करून पाहिलं. कसं मोडलं जी?