सिकलसेलच्या गोळ्या आरोग्य केंद्रात मिळत नाहीत, बहीण एकाड एक दिवस देऊन राहिली. काय करू?

मानेवाड्याचा_मामा

नमस्कार मंडळी. मी नागपूरला मानेवाड्यात राहतो, मोटार रिवाइंडिंगचं छोटं दुकान आहे. बहीण रामटेकच्या पलीकडे, जंगलाच्या अंगाच्या एका गावात दिली. भाची १३ वर्षांची, आठवीत आहे. तिला सिकलसेल आहे, एसएस, म्हणजे आईबाप दोघांकडून आलेला. वर्षाची होती तेव्हा हातापायाची बोटं टम्म सुजली होती. गावात कोणी म्हणे वात, कोणी म्हणे नजर. पुढे मेडिकलमध्ये, म्हणजे नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, रक्त तपासलं तेव्हा कळलं.

दोन वर्षांपासून हायड्रॉक्सीयुरिया सुरू आहे. आधी थंडी पडली की दोनदा तरी भरती करावं लागे. मागच्या हिवाळ्यात एकदाही नाही. म्हणजे औषध लागू पडलं, त्याबद्दल माझी तक्रारच नाही. तक्रार गोळ्या मिळण्याची आहे. गावापासून आरोग्य केंद्र ११ किलोमीटर. एसटी नाही, काळीपिवळी भरली की निघते. दिवाळीपासून ताई दोनदा गेली आणि "आल्या नाही, पुढच्या आठवड्यात या" ऐकून परत आली. सध्या धान चुरणं सुरू आहे, एका फेरीत दिवसाची रोजी बुडते.

परवा मी गेलो तर देवळीत पट्टी दिसली. हिशेबाने आठवडाभर आधीच संपायला पाहिजे होती, तिच्यात नऊ शिल्लक. विचारलं तर ताई म्हणे, "एकाड एक दिवस देऊन राहिली बापा, पुरल्या पाहिजे ना." मी काय बोलणार? आणि गेल्या आठवड्यात पोरीची कंबर अन् मांड्या दुखल्या, रात्रभर रडली. या थंडीतलं पहिलंच दुखणं.

एकाड एक दिवस देऊन किती नुकसान होते? इथल्या मेडिकल स्टोअरमधून घेऊन पाठवू का? आणि एकदम दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या मिळतात का?

निवृत्त_लॅबवाला

मामा, मी डॉक्टर नाही, २८ वर्षं रक्ताच्या काचपट्ट्या पाहिल्या, तेवढ्यावरून सांगतो. ही दुखणं थांबवायची गोळी नाही. बाळ पोटात असताना रक्तात जे हिमोग्लोबिन असतं, ते ती वाढवते. ते वाढलं की लाल पेशी विळ्यासारख्या वाकायचं प्रमाण कमी होतं. हे व्हायला काही महिने जातात, आणि गोळ्यांत खंड पडला की हळूहळू उतरतं. म्हणून एकाड एक दिवस नको. राहिलेल्या भरून काढायला दुप्पटही देऊ नका.

दुकानातून परस्पर घेऊ नका. या औषधाने पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट कमी होऊ शकतात, म्हणून सीबीसी (रक्तपेशी मोजायची तपासणी) करावी लागते, आणि पोरीचं वजन वाढलं की डोसही बदलतो. आधी सीबीसी करा, मग रिपोर्ट आणि जुनी चिठ्ठी घेऊन मेडिकलच्या ओपीडीत जा. रिपोर्ट स्थिर असतील तर जास्त दिवसांचं लिहून द्या म्हणून तोंडाने मागा. न मागता कोणी देत नाही, हा माझा अनुभव.

अजून एक. या पोरांना ताप आला तर गावात गोळी घेऊन वाट पाहायची नाही. यांची प्लीहा लहानपणीच निकामी होत जाते, जंतुसंसर्ग झपाट्याने वाढतो. त्याच दिवशी दवाखाना, गाडी नसेल तर १०८.

वाकडी_पेशी

मी स्वतः एसएस, वय ३१, गड्डीगोदामात राहते. मामा, एक विचारते, भाची शाळेत पाणी पिते का? हसू नका. आमची किडनी लघवी घट्ट करू शकत नाही, म्हणून सारखी लागते. मी सातवीत असताना बाई तासाला दोनदा सोडत नव्हत्या. मग मी पाणीच बंद केलं. सकाळी भरलेली बाटली संध्याकाळी तशीच घरी. आणि शरीरात पाणी कमी पडलं की पेशी अडकतात, दुखणं सुरू. आई म्हणायची थंडी बाधली. खरं कारण मी तिला दहावी झाल्यावर सांगितलं.

एसटीच्या साध्या गाडीत सिकलसेलच्या रुग्णाला तिकीट नाही, आगारात प्रमाणपत्र दाखवून विचारा. ताईला तसंही अर्धंच लागते. २०१६ च्या कायद्यात सिकलसेल दिव्यांगत्वात धरलं आहे, तर युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) आत्ताच काढून घ्या. दहावीच्या वर्षी धावपळ नको.

आशा_मौदा

दादा, गावातल्या आशाताईला घेऊन केंद्रातल्या डॉक्टरांना भेटा. औषध वाटणाऱ्या खिडकीवर नाही, डॉक्टरांना. माझ्या गावात असे तीन पेशंट आहेत. त्यांच्या गोळ्या संपायच्या १५ दिवस आधी मी आठवण देते, तेव्हा कुठे वरून मागवल्या जातात. आणि ताईला म्हणा फोन केल्याशिवाय निघू नको.

भाचीला भाऊ-बहीण आहेत का? त्यांची तपासणी झाली?

मानेवाड्याचा_मामा

आशाताई, लहान भाऊ आहे, चार वर्षांचा. तपासणी नाही केली. शाळेत शिबिर झालं तेव्हा तो घरीच होता. खरं सांगू, धष्टपुष्ट दिसतो म्हणून कोणी विषयच काढला नाही.

आशा_मौदा

आईबाप दोघं एएस, म्हणजे फक्त वाहक, असले तर दर बाळंतपणात मूल एसएस असण्याची शक्यता चारात एक, नव्याने. मोठीला झालं म्हणून लहान सुटला असं नसते. २०२३ पासून केंद्र सरकारची मोहीम आहे, आदिवासी भागातल्या ० ते ४० वयाच्या सगळ्यांना तपासायचं. बोटाच्या थेंबावर होते, घेऊन या म्हणा.

मानेवाड्याचा_मामा

उशिरा लिहितो, दुकान बंद ठेवून दोन दिवस तिकडेच होतो. आशाताईला सोबत नेलं. डॉक्टर चांगले निघाले, शेजारच्या केंद्रातून एक पट्टी मागवून दिली. सोमवारी सीबीसीचा रिपोर्ट घेऊन मेडिकलला येतो, तीन महिन्यांचं लिहून मागणार. शाळेत बाईंना भेटलो. त्या म्हणाल्या, "आधी कोणी सांगितलंच नाही हो." आता भाचीला दाराजवळच्या बाकावर बसवलं, विचारायची गरज नाही, उठायचं अन् जायचं. बाटलीचं खरं निघालं, वाकडी_पेशी. ताईला विचारलं तर म्हणे, "रोज भरलेलीच येते, मला वाटे शाळेत पुन्हा भरून घेते."

लहान्याची तपासणी केली. पहिली चाचणी पॉझिटिव्ह आली. एएस की एसएस ते त्यात कळत नाही म्हणे, रक्त नागपूरला पाठवलं. रिपोर्ट यायचा आहे. ताईला अजून "पुन्हा एकदा पाहायचं आहे" एवढंच सांगितलं.